भाच्याची बाजू, साहेबांचं कोर्ट

वेंगुर्ल्याच्या कोर्टात माझी हयात गेली, पण आर्मी ॲक्ट नीट वाचला तो भाच्यावर पाळी आली तेव्हाच.

भाचा फौजेत नायक. सुट्टीवर असताना भर पावसात त्याच्या वडलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात हलवलं आणि हा ठरल्या तारखेला हजर होऊ शकला नाही. आरोप ‘ओव्हरस्टे’चा, कलम ३९. बहिणीला वाटलं, भाऊ वकील आहे, जाऊन बोलेल आणि सोडवून आणेल.

पण तिथे आधी सुनावणी होते ती युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, आर्मी रूल्सच्या नियम २२ प्रमाणे, आणि बाजू ज्याची त्यानेच मांडायची. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची आरोपीला पूर्ण मुभा आहे. कागदावर. सावधानमध्ये उभा असलेला जवान आपल्या साहेबांच्या देखत आपल्याच सुभेदाराची उलटतपासणी कशी घेणार? भाच्याच्या तोंडून त्या दिवशी ‘नो सर’ एवढंच निघालं.

पुढची पायरी समरी ऑफ एव्हिडन्स, नियम २३. इथे साक्षी लिहून घेतात आणि इथेही प्रश्न विचारता येतात. रात्री फोन आला, “मामा, माका काय बोलूचा ता सांगा.” मी म्हटलं, भाषण नको, एकच प्रश्न विचार: सुट्टी वाढवून मागायला मी कंपनी ऑफिसात फोन केला होता की नाही? कारण ‘पुरेशा कारणाशिवाय’ उशीर झाला तरच या कलमाखाली तो गुन्हा होतो. त्याने विचारलं. क्लार्क ‘हो’ म्हणाला आणि तो ‘हो’ कागदावर चढला.

हे वाचून साहेबांना आरोप रद्द करता आला असता. कलम ८० खाली, किरकोळ शिक्षेवर, प्रकरण मिटवताही आलं असतं. त्यांनी समरी कोर्ट मार्शल, म्हणजे युनिटमधलंच झटपट लष्करी कोर्ट, लावलं. युनिटची शिस्त ज्याच्या डोक्यावर असते त्याला जरब बसवावीशी वाटते, हे मला समजतं. पण चौकशी ज्याने केली, आरोप ज्याच्या सहीने लागला, तोच इथे न्यायाधीश. कलम ११६ प्रमाणे कोर्ट म्हणजे तो एकटा. शेजारी दोघे बसतात, पण निकालात त्यांना मत नाही. लेफ्टनंट कर्नल असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी देता येते.

मला आत बसता आलं ते नियम १२९ मुळे, ‘फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड’ म्हणून. आरोपीच्या कानात सल्ला द्यायचा. साक्षीदाराला प्रश्न नाही, कोर्टापुढे युक्तिवाद नाही. क्लार्क साक्षीला आला आणि फोनबद्दल ‘आठवत नाही’ म्हणाला तेव्हा मी अर्धा उठलोच होतो. परत बसून चिठ्ठी सरकवली. भाच्याने ती वाचून त्याला आधीच्या जबाबाची आठवण दिली.

तरीही निकाल दोषी, शिक्षा बडतर्फी. या कोर्टाच्या निकालाला वरून मंजुरी लागत नाही. थोड्याच दिवसांत भाचा ट्रंक घेऊन सावंतवाडी स्टेशनवर उतरला.

मग अर्ज. वकिलाचा हात आपसूक तांत्रिक चुकांकडे जातो, आणि मी तशी यादी केलीही होती. पण कलम १६२ म्हणतं, ब्रिगेड किंवा डिव्हिजनचा कमांडर हे निकाल तपासतो, आणि ते रद्द करतो किंवा शिक्षा कमी करतो ती गुणदोषांवर, निव्वळ तांत्रिक कारणावर नाही. यादी बाजूला ठेवली. बांबोळीचे कागद, क्लार्कचा तो ‘हो’, आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा रणजित ठाकूर निकाल. त्या जवानाला जेवायला नकार दिला म्हणून एक वर्ष कैद आणि बडतर्फी झाली होती. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती तोच कोर्टात बसला होता. न्यायालयाने सगळंच रद्द केलं. आमच्याकडे अशी तक्रार नव्हती, म्हणून मी त्यातला एकच धागा धरला: शिक्षा गुन्ह्याच्या मानाने हवी.

उत्तर यायला पावसाळा उलटला. बडतर्फीच्या जागी सिव्हियर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद. भाचा परत रुजू झाला. मधल्या महिन्यांच्या पगाराचं अजून अडलेलं आहे. त्याचा अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहे.