आज्जींची बोटं

सहाव्या दिवशी सकाळी चार्ज घेतला तेव्हा निपाणीच्या आज्जींची दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. आदल्या संध्याकाळी मीच बांधली होती. हात श्वासाच्या ट्यूबकडे जातोय असं वाटलं. सरांना फोनवर विचारून मिडॅझोलॅम या झोपेच्या औषधाचा एक जादा डोस दिला, पट्ट्या आवळल्या आणि खानापूरची बस पकडायला पळाले.

आज्जी 42 किलोच्या. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. स्वतः कधी ओढली नाही, पण चुलीच्या धुरानं आणि तंबाखूच्या धुळीनं छाती पोखरली होती. त्यावर न्यूमोनिया झाला, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आली, आणि बेळगावात आमच्या आयसीयूत येईपर्यंत ट्यूब घालण्यावाचून इलाज उरला नाही. न्यूमोनिया चौथ्या दिवसापासून उतरणीला लागला, तरी व्हेंटिलेटर काही सुटेना.

रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून पेशंट जागा होतो का ते बघायचं, ही पद्धत 2000 साली शिकागोत झालेल्या अभ्यासानंतर जगभर पसरली. ऐकायला सोपी आहे. आज्जींच्या बाबतीत तीन सकाळी एकच तमाशा झाला. औषध बंद केलं की बराच वेळ काहीच नाही, मग एकदम उसळी. श्वास 40, मशीनचा भोंगा, ऑक्सिजन खाली, आणि आम्ही घाईघाईनं पुन्हा मिडॅझोलॅम चालू. म्हातारं शरीर, त्यात किडनी मंद, असं असलं की ते लवकर उतरत नाही, साठत जातं. आज्जींची फुप्फुसं कमजोर आहेत असं आम्ही चार्टवर लिहीत होतो, आणि बघत होतो ते आमच्याच हातानं दिलेलं औषध.

त्या दिवशी राउंडला सरांनी डेक्समेडिटोमिडिन लिहिलं. आम्ही नुसतं ‘डेक्स’ म्हणतो. त्यानं पेशंट शांत राहतो, पण हाक मारली की जागा होतो. श्वास दाबला जात नाही, म्हणून ते चालू ठेवूनही ट्यूब काढता येते. फुप्फुसं त्यानं सुधारत नाहीत; घाबरून जी झटापट होते तेवढी आवरते. भीती नाडी आणि बीपी उतरण्याची. 200 मायक्रोग्रॅमची व्हायल 50 मिलीत केली, सुरुवातीचा मोठा डोस दिला नाही, हळूहळू चढवत ताशी 4.2 मिलीवर आणलं. आज्जींच्या वजनाला ते किलोमागे 0.4 मायक्रोग्रॅम होतं. मिडॅझोलॅम बंद, वेदनेवरचं फेंटानिल बंद.

साडेदहाला नाडी 48.

सरांना फोन लावला, नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं, पंप निम्म्यावर, 2.1 वर आणला. पुढची वीस मिनिटं मी मॉनिटरसमोरून हलले नाही. 51. 54. मग 60. अ‍ॅट्रोपिन ट्रेमध्येच राहिलं.

या गडबडीत आज्जींनी डोळे उघडले होते. गोकाकची आमची सिस्टर मोठ्यानं ‘कै एत्तरी, अज्जी’ म्हणत होती. निपाणीच्या बाजारात चालण्याइतकं कन्नड आज्जींना येत असणार, पण त्या नुसत्या बघत राहिल्या. हात उचलला नाही. बोटं मात्र चालूच होती. अंगठा तर्जनीवर घासायचा, मग काहीतरी दुमडल्यासारखं, मग परत पहिल्यापासून. हेच बघून मी काल हात बांधले होते.

अकराला लेक भेटायला आली. पायाशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “सिस्टर, आई विड्या वळालीया की ओ.”

मी पट्ट्या सोडल्या. बोटं पोटावर येऊन पुन्हा कामाला लागली. ट्यूबकडे एकदाही गेली नाहीत.

पेशंटचा गोंधळ तपासायची आमच्याकडे एक चाचणी आहे. दहा इंग्रजी अक्षरं म्हणायची, ‘ए’ ऐकलं की पेशंटनं हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरतात. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला कसला ‘ए’! तीन दिवस आम्ही ‘सहकार्य नाही’ असा शेरा मारत होतो. मी लेकीला आईचा हात धरायला सांगितलं आणि आज्जींच्या कानाशी म्हटलं, “पान म्हटलं की दाबा हं.” दोरा, पान, कात्री, सूप, पान, चूल, पान, पान, तंबाखू, दोरा. पुस्तकात हे असं नाही. सरांनी ऐकलं आणि काही बोलले नाहीत. चारपैकी तीन पानं बरोबर, एकदा कात्रीला उगाच दाबलं. दोन चुका.

दोन वाजता मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ठेवलं. श्वास मिनिटाला 26, दर श्वासाला 320 मिली, म्हणजे 0.32 लिटर. 26 भागिले 0.32, भागाकार 81, आणि तो 105च्या आत असला तर पुढं जाता येतं. आज्जी घामेजल्या नाहीत, उसळल्या नाहीत. डेक्स 2.1 वर चालूच होतं. लेकीला बाहेर पाठवायचं त्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ट्यूब काढली. अशा छातीत कार्बन डायऑक्साइड परत साठू नये म्हणून लगेच बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन, लावायचं असतं. मी मास्कचे पट्टे सारखे करत होते तेवढ्यात आज्जींचा घोगरा आवाज आला.

“किती झाल्या?”

लेक म्हणाली, “हजार झाल्या आई. नीज आता.”

मास्क बसवला आणि चार्टमध्ये लिहिलं: ट्यूब काढली 4.10. आवाज घोगरा. गोंधळ थोडा आहे. हात मोकळे.