खुणा जुळत होत्या, पिस्टन नव्हता

धनकवडीतून रोज कात्रजचा जुना घाट चढून खेड शिवापूरकडच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या एक बाई आमच्या गॅरेजवर गाडी घेऊन आल्या, आणि तक्रार त्यांनी इतकी नेमकी सांगितली की मी हातातलं काम खाली ठेवलं. "दादा, आधी बोगद्यापर्यंत तिसरा गिअर पुरायचा. टायमिंग बेल्ट बदलल्यापासून मध्येच दुसरा टाकावा लागतो. सिग्नलला उभी असली की थरथरते. पण घाट उतरून हायवेला लागली, वेग घेतला, की नीट पळते."

रोज एकाच घाटातून तीच गाडी चालवणारं माणूस असं बोलतं तेव्हा ते पूर्ण ऐकून घ्यावं, मध्ये तोडू नये. निम्मं निदान त्यातच असतं. इंजिन हळू फिरताना ओढत नाही आणि जोरात फिरताना बरी आहे, एवढ्यावरूनच माझं लक्ष व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपांच्या, वेळेकडे गेलं. पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा क्रँक, व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा कॅम, आणि टायमिंग बेल्ट या दोघांची वेळ बांधून ठेवतो.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरची. बेल्ट दुसऱ्या गॅरेजमध्ये बदलला होता आणि बिल बघितलं तर काम मनापासून केलेलं दिसत होतं. बेल्टबरोबर त्याला ताण देणारा टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, सगळं चांगल्या प्रतीचं. नंतर इंजिनचा दिवा लागला म्हणून त्यांनी कॅम सेन्सरही बदलून दिला, तरी दिवा परत आला. मी स्कॅनर लावला. कोड आला पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. हा कोड आला की सेन्सरवर संशय जाणं साहजिक आहे, कारण सेन्सर बदलायला दहा मिनिटं लागतात आणि बेल्ट उघडायला अर्धा दिवस जातो.

क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा फिरतो. त्यासाठी कॅमच्या गिअरला दुप्पट दात असतात. या इंजिनात खाली २०, वर ४०. बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तर कॅम ९ अंशांनी चुकतो, आणि क्रँकच्या हिशेबात तेच १८ अंश होतात. त्यात हे इंजिन असं, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा पाळीपाळीने वापरतात. पाळी फार चुकली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं. म्हणून बाईंना सांगितलं, "मॅडम, आता गाडी चालवू नका, आज इथेच ठेवा."

वरचं कव्हर काढलं, क्रँकच्या टोकावरच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं आणि पुलीवरची खाच खालच्या कव्हरवरच्या शून्यावर आणली. तेव्हा पहिला पिस्टन अगदी वर, टॉपला, असायला हवा. कॅम गिअरची खूण हेडवरच्या खुणेसमोर बरोबर उभी. दोन पूर्ण फेरे फिरवले, परत तेच. आमच्याकडचा मुलगा म्हणाला, "शेठ, टायमिंग ओके आहे." बाई म्हणाल्या, "त्या मिस्त्रींनीही मला हेच करून दाखवलं होतं."

इथे बरेच जण थांबतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. बेल्ट घातल्यावर हाताने दोन फेरे फिरवायचे आणि खुणा परत जुळल्या की काम बरोबर, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात भरवशाचा नियम. पण मला घाटातला दुसरा गिअर पटत नव्हता.

इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला, तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे दोनेक इंच कमी धरायचे. काटा १२ वर होता, आणि अगदी स्थिर. व्हॉल्व्ह जळला असेल तर काटा ठराविक लयीत झटके देतो. स्थिर राहून खाली बसलेला काटा वेगळं सांगतो: चारही सिलिंडरना एकच दुखणं आहे. मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं. सगळीकडे १३० ते १३५ पीएसआय, जिथे १७० च्या पुढे हवं होतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून परत मोजलं, आकडा जेमतेम हलला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तो चढला असता, शिवाय चारही सिलिंडर इतके सारखे झिजत नाहीत. इन्टेक, म्हणजे हवा घेणारा, व्हॉल्व्ह उशिरा मिटत असेल तर मात्र असंच होतं. पिस्टन वर निघालेला असतो, व्हॉल्व्ह अजून उघडाच, आणि घेतलेली हवा तो मागे ढकलतो. इंजिन जोरात फिरत असताना हवा स्वतःच्या वेगाने आत येत राहते म्हणून तिथे हे जाणवत नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं यात बसत होतं.

म्हणजे कॅम उशिरा चालला होता, आणि खुणा म्हणत होत्या की तो वेळेवर आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. तेव्हा खुणा बाजूला ठेवून पिस्टनलाच विचारायचं ठरवलं.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून लांब दांडी लावून डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप, पिस्टनवर टेकवला. अनेक ठिकाणी यासाठी स्क्रू ड्रायव्हर घालतात, तो तिरपा अडकला तर पिस्टनला ओरखडा पडतो, म्हणून आमच्याकडे ते चालत नाही. पिस्टन टॉपला आला हे नुसतं बघून नेमकं कळत नाही. उंच गेलेला झोका वरच्या टोकाला जसा क्षणभर रेंगाळतो तसा पिस्टनही टॉपजवळ रेंगाळतो, क्रँक काही अंश फिरला तरी गेजचा काटा हलत नाही. म्हणून टॉपच्या आधी एका ठराविक खोलीवर थांबायचं, टॉप ओलांडून गेल्यावर पुन्हा तेवढ्याच खोलीवर थांबायचं, दोन्ही वेळचे क्रँकचे अंश लिहून घ्यायचे आणि बरोबर मध्य काढायचा. खरा टॉप तो. पुलीच्या बोल्टवर अंशांची चकती बसवून हे मी केलं, मग मुलाकडून पुन्हा करून घेतलं, माझे आकडे त्याला न सांगता. आमचे दोघांचे आकडे जुळले. पुलीची खाच शून्यावर येत होती तेव्हा पहिला पिस्टन टॉप ओलांडून १७ अंश पुढे गेलेला होता.

पुली उतरवून उजेडात धरली. ही पुली वरून अखंड दिसते, पण ती एका तुकड्याची नसते. आत क्रँकवर बसणारा बोसा, बाहेर अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या पट्ट्याच्या खाचा असलेली कडी, आणि मध्ये रबराचा थर, इंजिनचे हादरे पिऊन घेण्यासाठी. शून्याशी जुळवायची खाचही या बाहेरच्या कडीवरच असते. रबर म्हातारं झालं, त्यात ऑइल मुरलं, की अल्टरनेटर आणि एसीच्या ओढीने कडी बोश्यावर मागे सरकते. सहसा तेव्हा ती डुगडुगते, पट्टा उतरतो, आवाज येतो. या गाडीत ती सरकून नव्या जागी घट्ट बसली होती. काही आवाज नाही, डुगडुग नाही. फक्त खूण १७ अंश मागे राहिली होती.

बाईंना विचारून मी त्या आधीच्या मिस्त्रींना फोन केला. त्यांना चूक दाखवायला नव्हे. त्यांनी नेमकं काय पाहिलं होतं हे मला कळायला हवं होतं. ते अर्ध्या तासात स्वतः आले. म्हणाले, "बेल्ट काढायच्या आधी मी पुली शून्यावर आणली, तर कॅमची खूण एक दात पुढे दिसली. मला वाटलं, जुन्या बेल्टने दात मारलाय किंवा आधीच्या कोणी चुकीचा बसवलाय. म्हणून बरोबर करून घातला. दोन फेरेही फिरवले." म्हणजे बरोबर चाललेलं टायमिंग त्यांनी बरोबर करायला म्हणून एक दात मागे घेतलं. नंतर तीच पुली परत लावली, तीच खोटी खूण शून्यावर आणली, आणि दोन फेऱ्यांच्या परीक्षेने त्याच खोट्या खुणेवर शिक्का मारला. त्यांच्या जागी कोणीही काळजीचा माणूस हेच करून बसला असता. बेपर्वा माणसाने कॅमकडे न बघता जुन्या बेल्टवरून रंगाच्या खुणा नव्या बेल्टवर उतरवल्या असत्या आणि गाडी नीट चालली असती, हे मला फार लागलं.

खालच्या गिअरवर खरी खूण असते, ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेसमोर येणारी. तिथे जुन्या गळतीचा काळा थर दगडासारखा बसला होता. सील मध्ये कधीतरी बदललेलं होतं, थर कोणी काढला नव्हता. डिझेल आणि तारेच्या ब्रशने आम्ही दोघांनी तो साफ केला, गिअर क्रँकवर जागच्या जागी धरणारी चावी शाबूत आहे ना हे पाहिलं, आणि खालची खूण समोर आणली. डायल गेज टॉप दाखवत होता. आता साक्षीदार दोन झाले.

बेल्ट जवळजवळ नवाच होता. फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढून तोच परत घातला. आधी क्रँक, मग ताणलेली बाजू सरळ कॅमपर्यंत, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या अंगाला. हा क्रम उलटा झाला तर टेन्शनर सोडल्यावर कॅम अर्धा दात सरकतो आणि मग खुणा धड जुळतही नाहीत, धड चुकतही नाहीत. पुलीचा बोल्ट सोडता-आवळताना फ्लायव्हीलला लॉक लावला, तो भार बेल्टवर किंवा कॅमवर कधीच येऊ द्यायचा नाही. मग इंजिनच्या दिशेनेच हाताने दोन फेरे. प्रत्येक वेळी खुणेआधी गेज बघितला.

मुलगा नाना पेठेतून नवी पुली घेऊन आला. जुन्या बाजारात निम्म्या किमतीत मिळाली असती, पण वापरलेल्या पुलीच्या रबराचं वय कोणाला माहीत? नवी लावली तेव्हा खाच, खालची खूण, वरची खूण आणि गेज, चारही एका जागी आले. बोसा आणि कडी यांच्यावरून जाणारी एक पांढरी रंगाची रेघ ओढून ठेवली. उद्या कडी सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. हे आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुलीवर होतं.

कॉम्प्रेशन १७५ च्या आसपास आलं, व्हॅक्यूमचा काटा १७ वर. कोड पुसला तो परत आला नाही. संध्याकाळी बाई स्वतः चालवत होत्या, मी शेजारी, मिस्त्री मागे. जुना बोगदा येईपर्यंत तिसराच गिअर होता. मिस्त्रींनी बेल्टच्या कामाची मजुरी बाईंना परत देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही, सेन्सरचे पैसे तेवढे घेतले.

उतरताना मिस्त्री गप्प होते. गॅरेजवर आल्यावर त्यांनी गेजच्या दांडीची लांबी आणि तिच्या आट्यांचं माप लिहून घेतलं. याच मॉडेलच्या आणखी एका गाडीचा बेल्ट त्यांनी महिन्याभरात बदलला होता, तिच्या मालकाला त्यांनी तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. त्या गाडीची पुली शाबूत निघाली, टायमिंग बरोबर होतं, आणि रेघ ओढून दिली आहे.