२०२० चं ऑटोकॅड म्हणे २०२६ चं

"सर, टायटल ब्लॉकमध्ये फ्रेंच कोणी टाकलं?"

आमच्या ज्युनिअरनं प्लॉटरमधून निघालेली नकाशाची ए-वन शीट टेबलावर पसरली. शीर्षकाच्या त्या चौकटीत 'नळ पाणीपुरवठा योजना' असायला हवं, तिथं डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' ओळीनं बसले होते. एकेका मराठी अक्षराची तीन-तीन चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची एक पद्धत) देवनागरी अक्षर तीन बाइटचं असतं, ते जुन्या पद्धतीनं वाचलं की हाच अवतार होतो. रोग ओळखीचा होता, पण तो झालाच कसा ते कळेना. दुसऱ्या दिवशी सगळा सेट जमा करायचा होता.

चौकट भरणारी लिस्प, म्हणजे ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, माझीच. माझ्या मशीनवर, म्हणजे ऑटोकॅड २०२१ वर, सुरळीत चालत होती. ज्युनिअरच्या मशीनवर २०२०. २०२१ पासून ऑटोलिस्पला (लिस्प लिहायची भाषा) युनिकोड, म्हणजे सरळ लिहिलेली देवनागरीही, कळतं. त्याआधी प्रत्येक अक्षराचा कोड द्यावा लागायचा, 'न'साठी बॅकस्लॅश, यू, अधिक, ०९२८. (पाणीपुरवठा असं लिहून बघा एकदा.) म्हणून मी दोन्ही सोयी ठेवल्या होत्या: आवृत्ती २०२१ किंवा पुढची असेल तर सरळ देवनागरी, नाहीतर कोड.

ज्युनिअरच्या मशीनवर, कमांड लाइनमध्ये, 'एकॅडव्हर' (ऑटोकॅडच्या आवृत्तीचा आकडा सांगणारी सेटिंग) टाइप केलं. २३.१एस. बरोबर, २०२० चा आकडा तोच. मग लिस्पमधलं आवृत्ती ओळखणारं फंक्शन एकटंच चालवलं.

२०२६.

ते फंक्शन आमच्या जुन्या सरांचं, मी डोळे मिटून उचललेलं. हिशोब असा: मुख्य आकड्यातून १६ वजा, गुणिले ३, अधिक २००४, अधिक दशांशानंतरचा आकडा. तेव्हा तो चोख होता. २००४ म्हणजे १६.०, २००७ म्हणजे १७.०, २०१० म्हणजे १८.०, दर तीन वर्षांनी मुख्य आकडा एकानं पुढे. १७.२ घातलं की २००९ येतं. २०१४ च्या १९.१ पर्यंत जमलं. मग २०१५ ला थेट २०.० आलं आणि ताल बिघडला. २०१७ ला २१, २०१८ ला २२, २०१९ ला २३. पण आमची एकच तपासणी होती, '२०१५ च्या आधीचं की नंतरचं?' तिला चुकून पुढचं साल मिळालं तरी फरक पडत नव्हता. फंक्शन वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं आणि मी २०२१ ची अट घालेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

आधी सालाऐवजी थेट आकडा बघायचं ठरवलं: २४.० (२०२१ चा) किंवा जास्त. मग तेही खोडलं. २०२१ मध्येसुद्धा 'लिस्पसिस' ही सेटिंग शून्य केली तर ऑटोलिस्प जुन्यासारखंच वागतं. म्हणून आता लिस्प 'लिस्पसिस'ची किंमत विचारते. एक आली तरच देवनागरी, शून्य किंवा 'निल' (म्हणजे अशी सेटिंगच नाही) आलं तर कोड.

रात्री पुन्हा प्लॉट लावून सरांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, ते अजून चालवताय?"