गस्तीच्या वहीत कोणाची नावं हवीत

रात्रीची गस्त गावाला हवीच, हे आधी लिहून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की पोलीस पाटीलच गस्तीच्या विरोधात आहे.

आमचं गाव भीमेकाठचं, पुणे जिल्ह्यातलं. नदीवर शेतकऱ्यांच्या मोटारी ओळीने बसवलेल्या. चोर येतात, एका रात्रीत चार-पाच मोटारींच्या केबली कापतात, आतलं तांबं घेतात आणि वरचं प्लॅस्टिक तिथेच उसाच्या कडेला जाळतात. सकाळी शेतकरी मोटार चालू करायला जातो तेव्हा त्याला जमिनीवर नुसता काळा डाग दिसतो. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, फोडली तर आणखी वाईट. तेल सांडलेलं, आतलं तांबं गेलेलं, आणि नवी डीपी येईपर्यंत त्यावरच्या सगळ्यांची पिकं माना टाकतात. बंधाऱ्यात पाणी अडवायचे लोखंडी ढापेसुद्धा लोकांनी नेलेत. पोलीस ठाणं लांब, एका बीट हवालदाराकडे कितीतरी गावं. त्यांनी रोज रात्री आमच्या नदीकाठी यावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तेव्हा गावानेच जागायचं, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण जागायचं कसं, यावर मला बोलायचं आहे.

पोलीस पाटील हे पद पूर्वी वतनाचं होतं, बापाकडून मुलाकडे जायचं. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानंतर ते नेमणुकीचं झालं. आता परीक्षा असते, प्रांताधिकारी नेमणूक करतात, महिलांना आरक्षण आहे, आणि म्हणून माझ्यासारखी सून या गावची पोलीस पाटील होऊ शकली. २०२४ मध्ये मानधन ६,५०० वरून १५,००० झालं, त्याचाही आधार झाला. कायद्यात आमची कामं लिहिलेली आहेत. गावातल्या गुन्ह्यांची आणि एकूण परिस्थितीची माहिती वर द्यायची, शांतता बिघडेल असं काही कानावर आलं तर लगेच कळवायचं, आणि गावात गुन्हा होऊ द्यायचा नाही. हे शेवटचं काम मी फार मनावर घेतलं आहे. बाहेरच्याने गावात येऊन केलेला गुन्हा तेवढाच थांबवायचा आणि गावाने बाहेरच्यावर केलेला सोडून द्यायचा, असं कायदा कुठे म्हणत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात ड्रोनची भीती पसरली, आठवत असेल. शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगाव, सगळीकडे एकच बोलणं: रात्री आकाशात दिवे फिरतात, चोर वरून घरं हेरतात, मग खाली टोळी येते. पोरं गच्चीवर झोपायला लागली. आमच्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका नंबरवर फोन करून निरोप बोलायचा, की तो बोलणाऱ्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो. आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवलं, तर याच्यासारखी सोय नाही. बिबट्याच्या वेळी तर मी स्वतः पाहिलंय, मळ्यात पाणी धरायला गेलेली माणसं निरोप ऐकून तिथूनच माघारी फिरली. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज जेव्हा एकाच वेळी सगळ्या गावाच्या कानात जातो, तेव्हा त्याची भीतीसुद्धा तशीच जाते. त्या दिवसांत एका रात्री निरोप आला, "ओढ्याच्या पुलावर टेम्पो उभा आहे, आठ-दहा जण आहेत, बॅटऱ्या मारतायत."

मी आणि आमचे हे पोहोचलो तोवर टेम्पोला वेढा पडला होता. काठ्या होत्या, दोघांच्या हातात कोयते होते. टेम्पोतली पोरं अठरा-वीस वर्षांची, हिंदी बोलणारी, तीही मोडकी. भीतीने एकाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि तो बोलत नाही म्हणून आमची पोरं जास्त चिडत होती. मागे प्लॅस्टिकचे रिकामे क्रेट रचलेले. ज्याच्या घरी पोल्ट्री आहे त्याला ते क्रेट बघूनच कळलं असतं: कोंबड्या भरायला आलेली माणसं. गाडी रात्रीच भरतात, उन्हात पक्षी मरतात म्हणून. मी टेम्पोवाल्याला विचारलं, कोणाच्या शेडवर चाललाय? त्याने नाव सांगितलं, वस्ती चुकली होती. त्या शेतकऱ्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "अहो पाटीलबाई, माझीच माणसं ती, कधीची वाट बघतोय." बस्स, एवढंच. काठ्या खाली आल्या. एका पोराने त्यांना पाणी दिलं.

विचारायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ते विचारलं गेलं नसतं तर काय झालं असतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसं मारली गेली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मोबाइलवर मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा होती, त्या दिवशी गावात आठवडी बाजार होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. ग्रामपंचायतीच्या! जिथे आपण दाखले काढायला जातो तिथे. आणि १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक. टाळेबंदी होती, चोर फिरतायत अशी अफवा होती, आणि लोक आधीपासून रात्रीचे पहारे देत होते. पहाराच होता तो, आपल्यासारखा. हे मी गस्तीच्या प्रत्येक नव्या पोराला सांगते. अंगावर काटा येतो सांगताना, तरी सांगते.

टेम्पोच्या रात्रीनंतर ग्रामसभेत आम्ही गस्तीची नीट घडी बसवली. दर रात्री कोण फिरणार त्यांची नावं वहीत आधी लिहायची आणि त्यांनी सही करायची. वही महिन्यातून एकदा ठाण्यात नेऊन दाखवायची. हातात काठी, शिट्टी, बॅटरी चालेल, कोयता-कुऱ्हाड आणली तर माघारी पाठवायचं. अनोळखी कोणी दिसलं तर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी दहा पावलं मागे थांबायचं. यंत्रणेवर निरोप द्यायच्या आधी मला किंवा ११२ ला फोन. आणि ज्याच्याकडे रात्री बाहेरची माणसं येणार आहेत, मग कोंबड्या भरायला, बोअर मारायला, कांदा भरायला, कशालाही, त्याने दिवस मावळायच्या आत गस्तवाल्यांना कळवायचं. हा शेवटचा नियम सगळ्यात उपयोगी ठरला. "पोरं बसून बसून कंटाळतात, मग कोणालातरी अडवतात," असं एक आजोबा सभेत म्हणाले होते. ते खरं आहे. कोण येणार हे आधी कळलं की अडवायचं कारणच उरत नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच मुद्द्यावर. गायरानाच्या कडेला पारध्यांची पालं आहेत. कितीतरी वर्षांपासून आहेत, मुलं आमच्याच शाळेत आहेत. केबल गेली की पहिलं बोट तिकडे. पुरावा नाही, काही नाही, बोट मात्र ठरलेलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आमच्या पारावर अजून लागू आहे. मी गस्तीच्या यादीत तिथल्या एका तरुणाचं नाव घातलं. सभेत आवाज चढले. "चोराच्या हातात किल्ली देताय ताई," असं एकाने तोंडावर म्हटलं. मी विचारलं, त्याच्यावर कोणता गुन्हा दाखल आहे ते सांगा, मी नाव काढते. कोणालाच सांगता आलं नाही. नाव राहिलं. पहिल्या आठवड्यात त्याच्याबरोबर फिरायला दोघांनी नकार दिला, त्यांच्या जागी माझा दीर फिरला. आता फिरतात सगळे. प्रेम उतू चाललंय असं नाही, पण फिरतात. आणि नदीकाठची प्रत्येक पायवाट त्या पोराला अंधारात माहीत आहे, हे बाकीच्यांनी आपणहून मला सांगितलं.

चोऱ्या पूर्ण थांबल्या का? नाही. मागच्या उन्हाळ्यात पुन्हा केबली गेल्या, तपास अजून लागलेला नाही. पण त्या दिवशी पालांवर कोणी चालून गेलं नाही. सकाळीच फिर्याद दिली, हवालदार येऊन पंचनामा करून गेले, आजूबाजूच्या भंगारवाल्यांकडे चौकशी झाली. माझ्या दृष्टीने ही गस्तीची मोठी कमाई आहे, केबल मिळण्याइतकीच.

आता गळीत हंगाम तोंडावर आला आहे. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतील, मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतील. दरवर्षी या लोकांची नोंद आपण घेतो ती संशय म्हणून: मुकादम कोण, कोणत्या गावचा, किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या किती जोड्या. पण कोप्यांना दार नसतं, कडी नसते. नवरा-बायको पहाटे फडात जातात तेव्हा मागे म्हातारी आणि लेकरं असतात. त्यांचे मोबाइल चोरीला जातात, पैसे जातात, बायकांना रात्री त्रास होतो, आणि त्या कोणाला सांगत नाहीत कारण गाव परकं. म्हणून या हंगामापासून कोप्यांवरचे फोन नंबर, त्यातही बायकांचे, ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंदवून घ्यायचे मी ठरवलं आहे. त्यांनी निरोप दिला तरी गाव उठलं पाहिजे. गस्तीच्या वाटेतही कोप्या घेतल्या आहेत. कोणाची हरकत असेल तर त्याने येत्या ग्रामसभेत उभं राहून सांगावं. आणि आजूबाजूच्या गावांतल्या ज्या पोलीस पाटलांना आमच्या वहीचा नमुना हवा असेल त्यांनी कळवा, पानांचे फोटो पाठवते.