नाना, बरोसा आणि १८४९ चा द्राक्षमळा

मार्चमध्ये नाना घर सोडून कुठे गेलेत, असं माझ्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. आमच्या निफाड तालुक्यात मार्च म्हणजे खुडा, द्राक्षांची काढणी. पहाटेपासून मजूर, क्रेट, काटा, व्यापाऱ्यांचे फोन. पण यंदा बागच नव्हती. अठरा वर्षांची थॉमसन द्राक्षाची बाग मागच्या एप्रिलमध्ये काढून टाकली. खोडकिड्याने वेली पोखरल्या होत्या, दोन वर्षं घड धरण्याआधीच जिरले होते, आणि त्याच्या आदल्या हंगामात एक व्यापारी माल भरून गेला तो पैसे न देताच गायब झाला. जेसीबी लावला आणि दोन दिवसांत रान मोकळं झालं. त्यानंतर नाना फारसे बोलेनात. धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात अॅडलेडला असतो. त्याने तिकिटं काढली आणि फोनवर म्हणाला, "नाना, इथेही आत्ता खुडाच चालू आहे. बघायला तरी या."

नानांना ते खरं वाटलं नाही. दक्षिण गोलार्ध, ऋतू उलटे, मग खुडा एकाच महिन्यात कसा? विमानात मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा. पानं गळतात, वेल झोपते, तेव्हा एकदाच छाटणी. सप्टेंबरात डोळे फुटतात आणि फेब्रुवारी ते एप्रिल माल उतरतो. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबर छाटणी. दोन वाटांनी दोघेही मार्चमध्येच पोचतात. नाना बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "वर्षातून तीन महिने झोप मिळाली तर वेल जास्त जगत असेल."

अॅडलेडहून ईशान्येला ऐंशीएक किलोमीटरवर अँगास्टन हे गाव आहे. बरोसा खोऱ्यात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षं, मधूनच निलगिरीची जुनी झाडं आणि लुथरन चर्चचे मनोरे. १८४२ मध्ये सायलेशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी इथे बेथनी हे पहिलं गाव वसवलं, म्हणून बेकरीतल्या पावापासून कबरींवरच्या नावांपर्यंत जर्मन खुणा दिसतात. अँगास्टनच्या बाजूला मात्र इंग्रज जास्त आले. त्यातलंच एक कुटुंब बघायला आम्ही निघालो होतो. यलुम्बा ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात जुनी, आजही एकाच कुटुंबाच्या हातात असलेली वायनरी. स्थापना १८४९.

यलुम्बा हा इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, अर्थ 'आजूबाजूची सगळी जमीन'. पेरामांक, नगाजुरी आणि कौर्ना लोकांची ही भूमी, गोऱ्या माणसांच्या येण्याने त्यांच्या हातून गेली. मळ्याने नाव त्यांचं ठेवलं, जमीन मात्र दुसऱ्यांची झाली. मला ते नाव वाचताना दर वेळी हे आठवत राहिलं.

मळ्यावर पोचलं की आधी दिसतो घड्याळाचा मनोरा. अँगास्टनच्या खाणीतल्या निळसर संगमरवराची दुमजली इमारत, १९०८ मधली. गाडीतून उतरताच नानांनी चिऱ्यांवरून हात फिरवला. पण या घराण्याची सुरुवात अशी दगडी नव्हती. सॅम्युएल स्मिथ हा इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा बिअर बनवणारा माणूस, १८४७ मध्ये बायकोमुलांना घेऊन बोटीत बसला. इथे आल्यावर जॉर्ज फाइफ अँगास या मोठ्या जमीनदाराकडे तो बागकामाला लागला. अँगास्टन हे नाव त्या जमीनदाराचंच. मग स्मिथने तीस एकर स्वतःची जमीन घेतली. दिवसभर मालकाची बाग आणि रात्री मुलाला, सिडनीला, सोबत घेऊन चांदण्यात स्वतःच्या वेली लावायच्या, असं त्यांच्या घरात सांगत आले आहेत.

१८५२ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात सोन्याची लाट आली तेव्हा तोही गेला. काही महिन्यांत ३०० पौंड घेऊन परत आला आणि त्या पैशातून आणखी ८० एकर जमीन, नांगर आणि दोन घोडे घेतले. हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा उजळला. "सोनं सापडलं तेही रानातच घातलं," ते म्हणाले, "अस्सल शेतकरी."

पुढच्या पिढ्यांची सगळी वंशावळ सांगत बसत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅडलेडहून मेलबर्नला निघालेलं 'कायीमा' हे विमान ढगांत वाट चुकून डँडेनाँगच्या डोंगरावर आदळलं. अठराच्या अठरा माणसं गेली. त्यात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या तीन मोठ्या वाइन घराण्यांचे कर्ते पुरुष होते : टॉम हार्डी, ह्यूगो ग्रॅम्प आणि यलुम्बाचे सिडनी हिल-स्मिथ. खुडा वर्षाला एकदाच येतो. कर्ता माणूस गेला म्हणून तो पुढे ढकलता येत नाही. धाकटे बंधू विंडहॅम यांनी कारभार हातात घेतला आणि मळा चालू राहिला. आमचे आबा गेले ते जानेवारीत, ऐन मण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत. दशक्रियेच्या आदल्या रात्री नाना बागेत होते, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

दुसरी गोष्ट वाटणीची. पाच पिढ्या म्हणजे भाऊ, चुलतभाऊ, त्यांची मुलं, सगळ्यांचे हिस्से. १९८९ मध्ये पाचव्या पिढीतल्या रॉबर्ट हिल-स्मिथ आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबाने बाकी नातेवाइकांचे हिस्से विकत घेतले. आमच्याकडे आबांच्या बारा एकरांचे तीन भावांत चार-चार एकर झाले. मध्ये बांध आले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. इथे वाटणी झाली ती कागदावरच्या भागांची, बांध पडले नाहीत. १७५ वर्षं एक मळा एका घरात राहतो त्याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं कारण हेच आहे. मातीवरचं प्रेम आमच्या घरातही कमी नव्हतं.

नाना माळकरी. वाइनचा थेंबही घेणार नव्हते आणि कुणी आग्रहही केला नाही. त्यांना बघायची होती ती नर्सरी. यलुम्बाची स्वतःची रोपवाटिका आहे, तिथली कलमं दुसऱ्या बागायतदारांनाही जातात. १९८० मध्ये यांनी व्हिओनिए ही पांढऱ्या द्राक्षाची जात ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा व्यापारी प्रमाणावर लावली, तेव्हा खुद्द फ्रान्समध्ये ती नामशेष व्हायच्या बेतात होती. पिकवायला अवघड, भुरी रोगाला बळी पडणारी. तिच्यात जर्दाळूसारखा वास उतरवायला त्यांना अनेक हंगाम लागले. ती वाइन मी चाखली. मला वासात पिकलेलं जर्दाळू आणि थोडी मोगऱ्याची झाक लागली.

कलमांवरून खुंटाचा, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या वेलीचा, विषय निघाला. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट लावतात तो क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. युरोपात खुंट आला तो फायलॉक्सेरामुळे. ही मुळांना लागणारी मावावर्गीय कीड. एकोणिसाव्या शतकात तिने फ्रान्सचे मळे संपवले, तेव्हा अमेरिकी वेलीच्या मुळांवर युरोपी द्राक्षाचं कलम करणं हाच उपाय उरला. १८७७ मध्ये ती व्हिक्टोरियात जिलाँगजवळ सापडली आणि तिथल्या बागा सरकारने उपटायला लावल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये या किडीविरुद्ध खास कायदा केला, बाहेरून वेली आणण्यावर निर्बंध राहिले, आणि ही कीड आजतागायत या राज्यात शिरलेली नाही. म्हणून बरोसात दीडशेहून जास्त वर्षांच्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. युरोपात असं आता क्वचितच सापडतं.

तिथून पिंपांच्या कारखान्यात गेलो. बहुतेक वायनऱ्या पिंपं विकत घेतात, हे घर स्वतः बांधतं. ओकच्या फळ्या आधी कित्येक वर्षं उन्हापावसात रचून ठेवतात, म्हणजे लाकडातला कडवटपणा निघून जातो. आम्ही पोचलो तेव्हा एक कारागीर लोखंडी कडीत फळ्या उभ्या करत होता. खालचं तोंड घेरदार घागऱ्यासारखं पसरलेलं. आत त्याने छोटी शेगडी ठेवली, फळ्यांवर ओल्या फडक्याने पाणी मारलं आणि लाकूड तापून मऊ झाल्यावर दोर आवळत नेला. फळ्या कुरकुरत एकमेकींना भिडल्या. खिळा नाही, सरस नाही. भाजलेल्या लाकडाचा वास आला तसे नाना पुढे झाले. आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना सुतार-लोहार असाच जाळ करत, तो त्यांनी लहानपणी पाहिलेला. कारागिराने हातोडा थांबवून त्यांच्याकडे बघून मान हलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

यलुम्बाची 'सिग्नेचर' नावाची वाइन १९६२ च्या हंगामापासून निघते. तिच्या लेबलवर दर वेळी या मळ्यासाठी राबलेल्या एका माणसाचं नाव आणि सही असते. मालकांचीच नव्हे, कामगारांचीही. मला ही रीत फार आवडली. नानांना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच आमच्या बागेत वीस हंगाम छाटणी केलेल्या पेठच्या टोळीच्या मुकादमाचं नाव घेतलं.

दुपारी खरी भेट झाली ती दुसरीकडेच. भावाच्या सहकाऱ्याचे सासरे बरोसात द्राक्ष पिकवतात आणि वायनऱ्यांना विकतात. वय नानांइतकंच. फाटकातच त्यांनी विचारलं, हे बूट घालून दुसऱ्या कुठल्या मळ्यात गेला होतात का? मातीबरोबर ती मुळांची कीड येऊ नये म्हणून मग बादलीत आमचे बूट धुतले, आणि तरी समाधान होईना म्हणून स्वतःकडचे गमबूट दिले. नाना अजिबात रागावले नाहीत. "असंच पाहिजे," म्हणाले.

त्यांच्या रानात त्यांच्या पणजोबांनी लावलेल्या ग्रेनाश द्राक्षाच्या वेली आहेत. तारा नाहीत, अँगल नाहीत, मांडव नाही. कमरेएवढी बुटकी झाडं, एकेक खोड पिळलेलं, काही मधून पोकळ, पोकळीत मुंग्यांची रांग. नानांनी एका खोडाला दोन्ही हातांनी कवेत धरलं, बोटं जेमतेम भिडली. साल कागदासारखी सुटून हातात आली. वर मात्र यंदाच्या काड्या हिरव्या आणि मागच्या हिवाळ्यात दोन-दोन डोळ्यांवर छाटल्याच्या खुणा. घड लहान, मणी वाटाण्याएवढे. नानांनी एक तोंडात टाकला, साल चावली, बी हातावर काढून बघितलं. बी तपकिरी झालेलं होतं. "चार-पाच दिवसांत काढा म्हणावं," ते मला म्हणाले. मी सांगितलं तसे ते यजमान आजोबा हसले. त्यांनी मंगळवार ठरवला होता.

१९८७ मध्ये वाइनला भाव नव्हता तेव्हा राज्य सरकारने जुन्या वेली उपटायला पैसे दिले. शेजाऱ्यांनी शंभरीच्या बागा काढल्या. यांच्या वडिलांनी अर्धी काढली आणि अर्धी ठेवली, ते अर्ध्याबद्दल मरेपर्यंत हळहळत. पुढे दिवस फिरले. २००७ मध्ये यलुम्बाने आणि २००९ मध्ये सगळ्या बरोसाने जुन्या वेलींची सनद केली. पस्तीस वर्षांवरची वेल 'जुनी', सत्तरीवरची 'तगलेली', शंभरीवरची 'शतायुषी' आणि सव्वाशेवरची 'पूर्वज'. माल थोडा येतो पण मुळं खोल असतात, म्हणून कोरड्या सालीही तोल सुटत नाही.

आजोबांनी विचारलं, "तुमची सगळ्यात जुनी वेल किती वर्षांची?" नाना म्हणाले, "अठरा. ती काढली." मी तेवढं सांगितलं. थोडं पुढे चालल्यावर नाना थांबले. "विहिरीजवळ एक आहे," ते म्हणाले. "आबांनी लावलेली अनाबेशाही द्राक्षाची. अडुसष्ट साल. स्वतःच्या मुळावर. तिला कोणी छाटत नाही, खाली वासरू बांधतो." आजोबा म्हणाले, म्हणजे 'जुनी'च्या पुढे गेली, आता 'तगलेली'पर्यंत पोचवायची.

परतताना नानांनी भावाचा फोन मागून घेतला. इकडे साडेसहा झाले होते, गावी दुपारचे दीड. पलीकडून काकूंनी तब्येत, जेवणखाण, थंडी, सगळं विचारलं. नानांनी मध्येच तोडून विचारलं, "विहिरीजवळच्या वेलीला पाणी कोण देतंय? आणि ते वासरू तिथून सोड आधी, खोडाला अंग घासतं ते."