ती खाच तशीच ठेव

गोव्यात फोंड्याला माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे आणि चवथीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे मान वर करायला फुरसत नसते, आरतीवाल्यांचे माईक, स्पीकर, सगळा ढीग. त्यात एक आजोबा कापडी पिशवीतून जुना टू-बँड ट्रान्झिस्टर घेऊन आले. म्हटलं आजोबा, चवथ होऊ दे मग बघतो. तर म्हणाले, "सावकाश कर रे, पण ट्युनिंगची चकती तेवढी बदलू नको."

चकतीवर ब्लेडने पाडलेली खाच होती. १९७१ च्या लढाईत आजोबा राजस्थानच्या बाजूला होते. रात्री ब्लॅकआऊट, काडी ओढायची चोरी, मग अंगठ्याने खाच चाचपायची, ती वर आली की शॉर्टवेव्हवर विविध भारती. कांबळं डोक्यावरून घेऊन चार-पाच डोकी एका ट्रान्झिस्टरला चिकटलेली. सेल उतरले की दिवसा उन्हात वाळवायचे.

मी तिथेच सेट उघडला, राहवलंच नाही. सेल पाझरून पत्रे हिरवे पडलेले, स्पीकरची वायर तुटलेली, आणि कॅबिनेटच्या कोपऱ्यात चिमूटभर बारीक वाळू. ब्रश उचलला तर आजोबा म्हणाले, "ती असू दे."

मी विचारलं, देशभक्तीची गाणी लावत असतील ना? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ती गाणी मागे गावातल्यांनी ऐकायची. आम्हाला घरची आठवण येईल असलं पाहिजे होतं, पावसाचं, बायकोच्या रुसव्याचं. विविध भारतीवर जवानांच्या फर्माईशीचं जयमाला लागायचं, त्यात आपल्यातल्या कुणाच्या फर्माईशीचं नाव आलं की रात्रभर तोच विषय."

हे माझ्या डोक्यातून जाईना. आपण समजतो की सैनिकाला जोश पाहिजे, पण जोश त्याच्याकडे असतोच, त्याला पाहिजे असतं कुणीतरी आपली वाट बघतंय हे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून बेलग्रेडच्या जर्मन रेडिओवर रोज रात्री 'लिली मार्लेन' लागायचं, दिव्याखाली थांबलेल्या मुलीचं साधं गाणं, ते आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन ऐकायचे आणि समोरचे इंग्रजही. आणि आपलं 'ऐ मेरे वतन के लोगो'? चीनच्या लढाईनंतर २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी गायलं, त्यात विजयाची आरोळी नाही, गेलेल्यांसाठी डोळ्यात पाणी आहे. लताबाईंचं मूळ आमच्या मंगेशीचं, दुकानापासून जवळच, म्हणून हे सांगताना मला जरा जास्तच भरून येतं.

संध्याकाळी सात वाजत आले तेव्हा सेट सुरू झाला. खाच वर आणली, शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. मला वाईट वाटलं पण आजोबा कान लावून ऐकत राहिले, अंगठा खाचेवरच. शेवटी मी दुकानातला एफएम लावला, जयमाला सुरू झालं होतं. निवेदिका फर्माईश पाठवणाऱ्या जवानांची नावं वाचायला लागली तसे आजोबा स्टुलावर ताठ बसले. प्रत्येक नावाला हळूच "हां" म्हणायचे, हजेरी घेतल्यासारखं. बाहेर दोघं गिऱ्हाईकं अँप्लिफायर न्यायला आलेली, तीही काही बोलली नाहीत, गाणं संपेपर्यंत दारातच उभी राहिली.