मारिएनश्ट्रासे ५४

हॅम्बुर्गचे आठ दिवस एका ओळीत सांगायचे तर पाऊस, एल्बे नदी, पावात घातलेला मासा (बरा होता, पण आपला बांगडा तो बांगडा) आणि लेकीचं पालुपद, "बाबा, कोट घाल." उरला मंगळवार.

लेक हॅम्बुर्गच्याच हारबुर्ग भागातल्या तांत्रिक विद्यापीठात एम.एस. करते. ते बघायला निघालो, तर रुळांचं काम म्हणून अर्ध्या वाटेत गाडीतून उतरवलं आणि बदली बसमध्ये कोंबलं. जर्मन लोकांच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी यापुढे मला कुणी सांगू नका.

कॅम्पस फिरून झाल्यावर मी हळूच विषय काढला, "तो मोहम्मद अत्ता इथलाच ना गं?" तिचा चेहरा पडला. इथे हे नाव कुणी काढत नाही म्हणाली. पण मला तो राहायचा ते घर बघायचंच होतं, आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे.

११ सप्टेंबर २००१ ला बोस्टनहून निघालेलं विमान न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यात घुसवणारा हा माणूस कैरोहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन १९९२ साली इथे आला, तो नगररचना शिकायला. मी बत्तीस वर्षं त्याच खात्यात काढली. तोही एका नियोजन कार्यालयात अर्धवेळ नकाशे काढायचा. १९९९ मध्ये त्याने प्रबंध दिला, सीरियातल्या अलेप्पोच्या बाब अल-नस्र या जुन्या वस्तीवर. म्हणणं काय, तर रुंद रस्ते आणि उंच आधुनिक इमारती आणून जुन्या बोळांची वीण उसवली, ती जपायला हवी. अहो, पेठांच्या रस्तारुंदीच्या फायलींवर मी हेच शेरे मारलेत! अलेप्पोच्या जागी कसबा घाला, खाली माझी सही चालेल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यात काहीतरी कुसळासारखं रुतून बसलंय.

हा प्रबंध लिहिताना तो राहायचा मारिएनश्ट्रासेवर. नोव्हेंबर १९९८ मध्ये रमझी बिनालशिभ आणि सईद बहाजी या साथीदारांबरोबर त्याने तिथला फ्लॅट घेतला. प्रबंध दिल्यावर काही महिन्यांतच अफगाणिस्तान. परत येऊन पासपोर्ट हरवल्याची तक्रार, म्हणजे नवा कोरा पासपोर्ट. जून २००० मध्ये अमेरिका, फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी विमान शिकणं, डिसेंबरात परवाना. लायब्ररीतून उठून इतक्या लवकर तिथे पोचला.

विद्यापीठापासून चालतच गेलो. घर म्हणाल तर काही नाही. आजूबाजूच्या घरांसारखंच एक. पाटी नाही, खूण नाही. दाराशी घंटांची बटणं, शेजारी नावांच्या चिठ्ठ्या, एक चिठ्ठी पेनाने खोडून वर दुसरं नाव लिहिलेलं. खिडकीत तुळशीसारखं दिसणारं कसलंसं रोप. मी खिशातून मोबाइल काढला.

"बाबा, फोटो नको काढूस हं. लोक राहतात इथे."

एवढ्यात दार उघडलं. चाकांची पिशवी ओढत एक आजीबाई बाहेर आल्या. आम्हाला बघून थबकल्या, आणि पायाने दार अडवून धरलं. आत येताय ना, अशा थाटात. काहीतरी बोलल्याही, हसून. त्यांच्या मागे जिन्याखाली मुलांची एक सायकल आणि ओली छत्री दिसली. मला जर्मनचे दोनच शब्द येतात. "नाइन, डांके," म्हटलं आणि मोबाइल चोरासारखा खिशात घातला. त्यांनी खांदे उडवले, दार सोडलं. आठ दिवसांत या शहरात माझ्यासाठी कुणी दार धरलं ते एवढंच एकदा, तेही इथे.

"काय म्हणत होत्या?"

"त्यांना वाटलं आपण जागा बघायला आलोय." लेक गप्प चालत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी खोली शोधत होते ना, याच रस्त्यावरची एक जाहिरात मी पाहिली होती. गेले नाही, भाडं जास्त होतं."

"किती होतं?" मी विचारलं.